ओपन हेडरची गाडी आणि लाखनीची रात्र

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिहिलेला मजकूर. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ झालं ते काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं आहे.

आजचा विषय आहे आवाज. गाडीचा आवाज. त्यातही सगळ्यात नागडा आवाज, म्हणजे ओपन हेडरचा. मागच्या एपिसोडनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, ‘दादा, सायलेन्सर काढला तर गाडी खरंच पळते का?’ उत्तर देतो, पण एका वाक्यात नाही देता येत. आणि हो, मी आधीच सांगून टाकतो, मला हा आवाज आवडतो. त्यामुळे आज तुम्हाला उपदेश ऐकायला मिळणार नाही. हिशेब ऐकायला मिळेल.

तर आधी हेडर म्हणजे काय ते बघू. इंजिनात पेट्रोल जळतं, पिस्टन खाली जातो, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि आतला गरम, दाबातला धूर एकदम बाहेर सुटतो. तो प्रत्येक वेळी एक छोटा स्फोटच असतो. कंपनीच्या साध्या गाडीत हा धूर बिडाच्या एका आखूड मॅनिफोल्डमधून जातो, पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग सायलेन्सर, मग मागची नळी. हेडरमध्ये प्रत्येक सिलेंडरला स्वतःची वेगळी नळी असते. या नळ्या शक्यतो सारख्या लांबीच्या ठेवतात आणि पुढे एका कलेक्टरमध्ये एकत्र आणतात. आता कलेक्टरच्या पुढचं सगळं काढून टाका. झाला ओपन हेडर. इंजिन आणि जग यांच्यामध्ये फक्त दोन-तीन फूट लोखंड उरलं.

आता थोडं गणित. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एका सिलेंडरची बुलेट हजार आरपीएमवर उभी असेल तर मिनिटाला पाचशे ठोके पडतात, सेकंदाला साधारण आठ. म्हणून ते ‘डुग डुग डुग’ वेगवेगळं ऐकू येतं. चार सिलेंडरची कार सहा हजार आरपीएमवर नेली की मिनिटाला बारा हजार, म्हणजे सेकंदाला दोनशे ठोके. इतके ठोके कान वेगळे करू शकत नाही, त्याला तो एक सूर वाटतो. आपण ज्याला ‘काय गाते बे गाडी’ म्हणतो ना, ते हेच. हार्ले-डेव्हिडसनने तर १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अमेरिकेत अर्ज केला होता. बरीच वर्षं वाद चालला आणि २००० मध्ये त्यांनी तो नाद सोडला. पण विचार करा, आवाजाचीही मालकी हवीशी वाटते लोकांना.

आता चालवण्याचा अनुभव. माझा शाळेपासूनचा एक मित्र आहे, लाखनीचाच. घरची राइस मिल आहे, पण जीव गाड्यांत. त्याने एक जुनी पेट्रोल सेडान घेतली, इंजिन उघडून नीट बांधलं, हेडर बसवला. ती गाडी मी चालवली आहे. बंद धावपट्टीवर, हेल्मेट घालून, कानात फोमचे बोळे कोंबून. चारशे दोन मीटर, म्हणजे पाव मैल. ड्रॅग रेसचं हे जुनं माप.

स्टार्टर मारल्याबरोबर आवाज कानात नाही येत, छातीत येतो. स्टिअरिंग थरथरतं, आरशातलं चित्र हलतं. क्लच सोडला की पुढचे काही सेकंद डोक्यात दुसरा विचारच नसतो. ऑफिसचा ईमेल नाही, ईएमआय नाही, काही नाही. गिअर बदलायला टॅकोमीटर बघायची गरज पडत नाही, सूर चढत चढत जिथे ताणला जातो तिथे हात आपोआप जातो. ॲक्सिलरेटर सोडला की मागे ‘फट-फट-फटाक’. नळीत न जळलेलं पेट्रोल गरम धातूला लागून तिथेच पेटतं, त्याचा तो आवाज. सोळा-सतरा सेकंदांचा खेळ. गाडी थांबली तेव्हा माझे हात थरथरत होते आणि मी वेड्यासारखा हसत होतो.

पण परत येताना धावपट्टीच्या कडेने हळू हळू चालवत आणायची होती. ती दहा मिनिटं वेगळीच होती. एकसारखी घरघर, पायाशी गरम हवा, पेट्रोलचा वास, कपाळात ठणका. मित्र शेजारी बसून काहीतरी सांगत होता, मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते. सोळा सेकंदांसाठी जे अमृत, ते दहा मिनिटांत डोकेदुखी होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमचा प्रश्न. ताकद वाढते का?

वाढू शकते. धुराचा प्रत्येक ठोका नळीतून पुढे जातो आणि उघड्या टोकाला पोहोचला की तिथून कमी दाबाची एक लाट उलटी इंजिनाकडे परत येते. ती बरोबर त्या क्षणी पोहोचली, की जेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटतोय आणि इनटेक उघडतोय, तर ती उरलासुरला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. पण ‘बरोबर त्या क्षणी’ हे नळीच्या लांबीवर आणि आरपीएमवर ठरतं. म्हणजे हेडर एका ठरावीक पट्ट्यात मदत करतो. वरच्या आरपीएमसाठी बनवलेला हेडर खालच्या आरपीएमला गाडी सुस्त करू शकतो. आणि लाखनीच्या बाजारात आपण कुठल्या आरपीएमवर चालवतो? दोन हजार.

दुसरं म्हणजे आजच्या गाडीत कॉम्प्युटर आहे. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तो ईसीयूला सांगतो की पेट्रोल जास्त होतंय की कमी. नळी आखूड आणि उघडी ठेवली तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरपर्यंत जाऊ शकते. सेन्सर म्हणतो, ऑक्सिजन जास्त आहे. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. इनपुट चुकीचं तर आउटपुट चुकीचं, हे आम्हा कोडवाल्यांना कोणी शिकवायला नको. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर लक्ष ठेवणारा सेन्सरही असतो. तो काढला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि आपण मेकॅनिकला म्हणतो, ‘भाऊ, हा दिवा बंद करून द्या ना.’

म्हणजे नीट ट्यूनिंग न करता फक्त सायलेन्सर कापला तर मिळतं काय? आवाज. गाडी पळते कमी आणि पळाल्यासारखी वाटते जास्त.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागासाठी महत्त्वाच्या. एक, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. नळी गाडीच्या पोटाखाली इंजिनापाशीच संपत असेल तर धूर केबिनमध्ये शिरू शकतो, आणि डोकं जड झालं की आपण समजतो झोप येतेय. दोन, आग. हेडर रसरशीत तापतो. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे धान कापून झालं की रस्त्याच्या कडेला, कधी रस्त्यावरच, तणीस पडलेली असते. त्यावर अशी गाडी उभी करून चहा प्यायला जाणं म्हणजे काडी पेटवून टाकण्यासारखंच.

आता येऊ आवाजाच्या मापावर. डेसिबल हे माप सरळ नाही, लॉगरिदमिक आहे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. वीस वाढले की शंभरपट, तीस वाढले की हजारपट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते. म्हणून आपली फसगत होते. आपल्याला वाटतं, थोडंसंच तर वाढवलंय.

आपल्या देशात नवीन गाडीला कंपनीतून बाहेर पडतानाच मर्यादा पाळावी लागते. धावत्या गाडीपासून साडेसात मीटरवर मोजतात. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला ८० डेसिबल, साध्या प्रवासी कारला ७४. आता धरून चला की ओपन हेडरची गाडी पूर्ण ॲक्सिलरेटरवर एक मीटर अंतरावरून ११० डेसिबल देते. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. दोन मीटरवर १०४. चारवर ९८. आठवर ९२. सोळावर ८६. बत्तीसवर ८०. चौसष्टवर ७४. एकशे अठ्ठावीस मीटरवर अजून ६८.

आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा किती? ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात तर ४०. या हिशेबाने ११० चे ४५ व्हायला पावणेदोन किलोमीटरच्या वर अंतर लागतं. घरं, झाडं, वारा यांमुळे प्रत्यक्षात आकडा बदलेल. पण पावणेदोन किलोमीटरमध्ये आपलं गाव कुठून कुठपर्यंत येतं ते तुम्हीच मॅप उघडून बघा.

पुण्यात मी राहतो तिथे रात्री बारालाही काही ना काही आवाज असतोच. लाखनीचं तसं नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ गावातून जातो, ट्रक चालू असतात, मान्य. पण त्या घरघरीची गावाला सवय आहे, ती एकसारखी असते. आतल्या गल्ल्यांत दहानंतर सामसूम. पावसाळ्यात बांधीतल्या बेडकांचा आवाज येतो, थंडीत दूरच्या मंडईतल्या नाटकाचा भोंगा येतो. अशा शांततेत एक उघडा हेडर शिरला की तो कोणाच्या स्वप्नात शिरतो हे ड्रायव्हरला कळत नाही. तो तर एव्हाना उड्डाणपुलाखालच्या सर्व्हिस रोडवर पोहोचलेला असतो.

आणि झालं तसंच. मित्राने धावपट्टीवरची गाडी घरी आणली आणि तशीच चालवायला लागला. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. मिल बंद करून अकरा-साडेअकराला घरी यायचा. मी तेव्हा दोन महिने लाखनीहून काम करत होतो. मी त्याला म्हटलं, ‘गड्या, रात्री तरी नको. ट्रॅकवर ठीक आहे.’ तो म्हणाला, ‘काहून बे? चालवताना तं मोठा हसत होता. आता पुणेवाला झाला का तू?’ मी म्हटलं, ‘टेस्ट सर्व्हरवर जे चालतं ते कोणी प्रॉडक्शनवर टाकत नाही.’ त्याला ते काही आवडलं नाही. आमचं बोलणं तीन आठवडे बंद होतं. पहिलीपासूनचा मित्र, गाव तो एवढासा, रोज समोरून जायचा आणि बघायचा नाही. मला खरंच वाटलं की एका नळीपायी हा माणूस गेला हातचा.

पोलिसांची भीती त्याला नव्हती. खरं तर असायला हवी होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो की प्रत्येक वाहनाला, अगदी शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, सायलेन्सर हवाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजाच्या आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, हेही आलं. नागपूर, पुणे अशा शहरांत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावरून रोडरोलर फिरवला, ते व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. पण लहान गावात आपल्याला वाटतं, आपल्याला कोण विचारतं?

विचारलं शेजारच्या काकूंनी. त्यांच्या घरच्या काकाजींची नागपूरला बायपास झाली होती, घरी येऊन महिना झाला असेल. आतल्या खोलीत गरम होतं म्हणून ते ओसरीवर झोपायचे. काकू एक दिवस सकाळी त्याच्या दारात आल्या. भांडायला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘बाबू, तुझी गाडी रातच्याले किती वाजता येते ते सांगत जा. मी यायले आधीच जागी करून ठेवीन. झोपेत दचकतेत ना.’

हे मला मित्रानेच सांगितलं. तीन आठवड्यांनी स्वतः घरी आला, चहा घेतला आणि हे सांगितलं. म्हणाला, ‘शिव्या देल्या असत्या तं मी बी देल्या असत्या. पण तिनं टाइम विचारला बे.’

मंडळी, कायदा, डेसिबल, पावणेदोन किलोमीटर, माझे सगळे आकडे एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. आजारी माणसाला गाडी यायच्या आधी उठवून ठेवायचं, म्हणजे तो दचकणार नाही. तिने आवाज बंद कर म्हटलंच नाही. तिने आपल्या घरची झोप त्याच्या गाडीच्या टाइमटेबलला लावायची तयारी दाखवली. त्यावर काय उत्तर देणार?

आता काही जण म्हणतील, ‘मोठा आवाज असला की लोक बाजूला होतात, अपघात टळतो.’ हे खूप ऐकतो मी. पण नळीचं तोंड बहुतेक मागे किंवा खाली असतं आणि तुम्ही ज्याला धडकणार तो असतो पुढे. पुढच्यासाठी हॉर्न दिलेला आहे. उलट त्या केबिनमध्ये बसून तुम्हालाच मागून येणारी ॲम्ब्युलन्स ऐकू येत नाही. माझा अनुभव सांगितलाच, शेजारी बसलेला माणूस ऐकू येत नव्हता.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर बेइमानी होईल. आवाज नाही म्हणजे गाडी सुरक्षित, असंही नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर ज्या गाडीखाली गेले ती पोर्शे टायकान होती. इलेक्ट्रिक. तिला सायलेन्सरच नसतो, कारण धूरच नसतो. गाडीवर नोंदणीचा नंबर नव्हता आणि चालवणारा अल्पवयीन होता. माझ्या ओळखीतले कितीतरी जण त्या रस्त्याने रोज घरी जातात. म्हणून माझं म्हणणं ‘आवाज वाईट’ असं नाहीच. कुठली गाडी कुठे चालवायची, प्रश्न तेवढाच आहे.

आणि याचं उत्तर आपल्या झाडीपट्टीला फार आधीपासून माहीत आहे. शंकरपट! बैलांची शर्यत लावायची तर आपण ती बाजारातून लावत नाही. त्यासाठी शेतात दान तयार करतो, दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात, जोड्या ठरतात, वेळ मोजली जाते. सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा मान्य केला तो नियम आणि अटींसकटच. वेगाची हौस बापजाद्यांनाही होती. त्यांनी तिला जागा दिली.

गाड्यांसाठीही अशा जागा आहेत. आपल्या राज्यात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. अमेरिकेत टॉप फ्युएल नावाच्या गाड्या नायट्रोमिथेनवर पळतात, त्यांचे आठ उघडे हेडर आकाशाकडे ज्वाला फेकतात. प्रेक्षक तिथे कानाला मफ लावून बसतात, लहान लेकरांनासुद्धा लावतात. आणि गंमत बघा, कॅलिफोर्नियातल्या लगुना सेकासारख्या नावाजलेल्या रेस ट्रॅकवरही आवाजाची मर्यादा आहे. यंत्र लावून मोजतात, जास्त भरला तर गाडी बाहेर. कारण ट्रॅकच्या शेजारीही माणसं राहतात.

मित्राने शेवटी काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काही जणांना हेच उपयोगी पडेल. त्याने हेडर आणि ती गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवली. ती आता मिलच्या शेडमध्ये कापडाखाली असते, आणि जायचं असलं की ट्रेलरवर चढवून जाते. गावात फिरायला घरची दुसरी गाडी, कंपनीच्या सायलेन्सरसकट. खर्च वाढला का? वाढला. तो म्हणतो, ‘हौसेले मोल नसते, पन भाडं असते.’

तुमच्याकडे ट्रेलर नसेल, माझ्याकडेही नाही, तर साधं करा. रस्त्यावरच्या गाडीचा सायलेन्सर आणि कन्व्हर्टर तसाच ठेवा. ताकद हवी असेल तर आधी टायर, ब्रेक, सर्व्हिस आणि ड्रायव्हिंग शिकण्यावर पैसे घाला. ट्रॅकचा दिवस बुक करा आणि तिथे कानात बोळे घाला. कानाचा हिशेब कडक आहे, ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभरला पंधरा मिनिटं, ११० ला जेमतेम दीड मिनिट. त्यानंतर कानातलं जे मरतं ते परत उगवत नाही.

सायलेन्सर ही काही कंजूष सरकारने लादलेली वस्तू नाही. १८९७ मध्ये मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या अमेरिकन भावांनी त्याचं पेटंट घेतलं, मोटारगाडी जेमतेम जन्मली होती तेव्हा. त्यांना गाडी विकायची होती आणि कळलं होतं की गाडी रस्त्यावर टिकायची असेल तर रस्त्यावरच्या लोकांनी ती सहन केली पाहिजे.

तर आजच्यासाठी इतकंच. तुमच्या गावात काय चालू आहे ते कमेंटमध्ये लिहा. बुलेट असो, ट्रॅक्टर असो, डीजे असो. ज्यांना आवाज आवडतो त्यांनी लिहा आणि ज्यांची झोप मोडते त्यांनीही लिहा, दोघांचंही पुढच्या वेळी वाचून दाखवीन. आणि हेडफोनवर ऐकत असाल तर आवाज दोन रेघा खाली घ्या. काळजी घ्या, भेटू पुढच्या रविवारी.